आमची जोडी कोणत्या पोळ्यात उभी करायची? तंटामुक्त समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य, तंटामुक्त गाव समिती,
मा. सरपंचताई, ग्रामपंचायत सदस्य आणि पोलीस पाटील भाऊ

विषय: यंदा गावात दोन पोळे भरवायच्या ठरावाबद्दल

सर्वांना रामराम.

हा अर्ज ग्रामपंचायतीत लेखी दिला आहे, पोच माझ्याकडं आहे. पण समितीच्या बैठकीला मोजकी माणसं बसतात आणि पोळा अख्ख्या गावाचा, म्हणून इथंही टाकतोय. आपले जे पोट्टे नागपूर, पुणे, सुरतला कामाला आहेत त्यांनीही वाचावं. पोळ्याला तेही येणार, आणि यष्टीतून उतरल्या उतरल्या त्यांना आधी हेच विचारलं जाणार, तू कोणत्या पोळ्यात?

ठराव सगळ्यांना माहीत आहे तरी एकदा लिहितो. गेल्या वर्षी तोरणाखाली राडा झाला, डोकी फुटली, दोघांना तालुक्याच्या दवाखान्यात भरती करावं लागलं. म्हणून यंदा वरच्या वेटाळाचा, म्हणजे वरच्या मोहल्ल्याचा, पोळा मारुतीसमोर आखरावर आणि नाल्याकडच्या वेटाळाचा शाळेच्या मैदानावर. दोन तोरणं, मधे पोलिसांची गाडी. दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळाही दोन ठिकाणी, गणपतीही दोन, आणि दिवाळीनंतरचे कबड्डीचे सामने "पुढील आदेशापर्यंत" बंद. ठराव वाचून दाखवला तेव्हा टाळ्या वाजल्या म्हणे.

माझी अडचण आधी सांगतो कारण तिच्यामुळंच लिहायला बसलो. माझ्या गोठ्यात एकच बैल आहे. दुसरा वरच्या वेटाळातल्या काकाजींचा. २०२२ च्या लंपीत त्यांच्या जोडीतला एक गेला, माझ्याही जोडीतला एक गेला, नवीन जोडी घ्यायची तर आकडा ऐकूनच माणूस बाजारातून परत येतो, मग दोघांनी ठरवलं की तुमचा एक अन माझा एक. तेव्हापासून पेरणी, डवरणी, बंडी सगळं याच जोडीवर चालू आहे. आधी डवरे कोणाच्या वावरात यावरून कधीमधी कुरबूर होते, पाऊस उघडीप किती देतो त्यावर असतं ते, पण निभतं. खांदमळणी त्यांच्या अंगणात होते. काकाजी पळसाच्या पानानं तूप-हळद लावतात आणि आधी माझ्या बैलाला लावतात, कारण तो पाहुणा. आवतण दोघांनाही एकदमच, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आता ठरावाप्रमाणे त्यांचा बैल आखरावर आणि माझा शाळेत. एकेकटा बैल घेऊन तोरणाखाली उभं राहायचं का आम्ही? हे मी एका सदस्यांना विचारलं तर म्हणाले, "तुमीच ठरवा ना बाप्पा आपसात, आमाले काहाले इचारता." आपसात ठरलेलंच होतं, ते तुम्ही मोडलं. आणि अशा सावडीच्या जोड्या गावात आणखीही आहेत, दोन्ही वेटाळांत वाटलेल्या.

दुसरं कारण असं की मी बी.ए. ला मानसशास्त्र घेतलं होतं. पोट्टे हसतात, मानसशास्त्र शिकून डवरा हाकतो म्हणून. हसू द्या. पण माणसं टोळीनं भांडायला का उठतात आणि टोळीनंच कामाला कशी लागतात यावर शंभरेक वर्षं अभ्यास चाललाय, आणि आपला ठराव त्या अभ्यासाच्या बरोब्बर उलट्या दिशेनं गेलाय. म्हणून एकेक मुद्दा घेतो. समितीतले बरेच जण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, कोणाचा अपमान करायचा नाही, पण गप्पही बसवत नाही.

पहिला मुद्दा. भांडण कशावरून झालं हे ठरावात कुठंच नाही. "किरकोळ कारणावरून" असं लिहिलंय. कारण किरकोळ नव्हतं. तोरणाखाली पहिली जोडी दरवर्षी त्याच घराची, मग त्यांच्या भाऊबंदांच्या, मग वरच्या वेटाळातल्या बाकीच्या, आणि नाल्याकडच्या जोड्यांची पाळी येते तोवर तोरण तुटलेलं असतं, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांचे गळे बसलेले असतात आणि लोक घराकडं निघालेले असतात. मानाची जोडी ही रीत आहे, मला मान्य आहे, पण रीत जर दरवर्षी त्याच माणसाला शेवटी उभं करत असेल तर तो कधीतरी पुढं घुसणारच. दोन्ही वेटाळांत सगळ्या जातीची घरं आहेत पण मान सगळा एकीकडं, हे गावात सगळे जाणतात आणि बैठकीत कोणी बोलत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ ला मांडून ठेवलंय की दोन गटांची नुसती गाठ घालून दिली म्हणजे वैर जात नाही, चार गोष्टी लागतात. त्या भेटीत दोघांचा दर्जा बरोबरीचा पाहिजे, दोघांना गाठायचं ते एक पाहिजे, ते गाठायला एकमेकांचा हात लागला पाहिजे, आणि गावातल्या वजनदार माणसांचा, कायद्याचा, रीतीचा त्याला पाठिंबा पाहिजे. आपल्या पोळ्यात पहिली गोष्ट कधीच नव्हती. आता ठराव करून तुम्ही चौथीही काढून घेतली.

दुसरा मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. वेगळं केल्यानं भांडण थांबतं हा समज.

हेन्री ताजफेल हा पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता, सुटून आला तर घरातलं जवळपास कोणीच उरलं नव्हतं. पुढं तो इंग्लंडात ब्रिस्टॉलला प्राध्यापक झाला आणि त्याला एकच प्रश्न पडला, माणसाला दुसऱ्या गटाबद्दल वाकडं वाटायला कमीत कमी काय लागतं? जुनं वैर लागतं का, जमिनीचा वाद लागतो का? १९७० ला त्यानं छापलेला प्रयोग असा. शाळेतली १४-१५ वर्षांची पोरं घेतली, पडद्यावर ठिपके दाखवले, किती ते अंदाजानं सांगा म्हणाला. मग प्रत्येकाला सांगितलं की तू जास्त सांगणाऱ्यांत, तू कमी सांगणाऱ्यांत. प्रत्यक्षात गट कसेही पाडले होते. दुसऱ्या खेपेला क्ली आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रं आवडली त्यावरून पाडले असं सांगितलं. आपल्या गटात कोण आहे हे पोरांना माहीत नाही, बोलचाल नाही, स्वतःच्या खिशात काही पडणार नाही, फक्त दुसऱ्या दोघांना पैसे वाटून द्यायचे. तरी त्यांनी आपल्या गटाच्या पोराला जास्त दिले. बरं, तेही एकवेळ ठीक, पण पुष्कळ पोरांनी असा हिशेब धरला की आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्या गटाशी फरक मोठा राहिला पाहिजे.

ब्रिस्टॉल राहू द्या, ठराव झाल्यापासून गावातलं व्हॉट्सॲप उघडून बघा. आधी गावाचा एक ग्रुप होता, आता पोळ्याचे दोन झाले. नाल्याकडच्या ग्रुपवर, म्हणजे माझ्याच वेटाळाच्या, एकानं टाकलं की तोरण साधं झालं तरी चालीन पण त्याइच्यापेक्षा उंच पाहिजे, आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस. वरच्या ग्रुपवर डीजेच्या वर्गणीचं चालू आहे असं काकाजींच्या नातवाकडून कळलं. ज्या माणसाला बैलाच्या मठाटीला पैसे पुरत नाहीत तो पाचशे रुपये डीजेला देतोय, कारण पलीकडं डीजे आहे. पोळ्याला डीजे! बैल बुजतात हो त्या आवाजानं, एवढं तर आपल्याला कळतं ना? वेटाळं आपल्याकडं पिढ्यानपिढ्या आहेत, पण ती पत्ता सांगायला होती. आता ग्रामपंचायतीच्या लेटरपॅडवर शिक्का मारून त्यांच्या दोन पार्ट्या झाल्यात.

अध्यक्ष भाऊ म्हणतील की आम्ही आधी एकत्र बसवून पाहिलं होतं. हो, पाहिलं. समेटाचं जेवण ठेवलं, रोडगे आणि वांग्याची भाजी, दोन्ही वेटाळांचे पोट्टे मारुतीच्या देवळात. झालं काय? दोन पंगती समोरासमोर बसल्या, वाढणारे सगळे वरच्या वेटाळातले, आमच्या पंगतीत तूप उशिरा आलं, तेवढ्यावरून शब्दाला शब्द लागला आणि अर्धी पंगत हात न धुताच उठून गेली. त्यावरून समितीनं निष्कर्ष काढला की यांना एकत्र आणणं म्हणजे आगीत रॉकेल.

आता याच्याशी तंतोतंत जुळणारी एक गोष्ट सांगतो, ती अमेरिकेतली आहे. १९५४ चा उन्हाळा, ओक्लाहोमा राज्यातला रॉबर्स केव्ह नावाचा पार्क. मूळ तुर्कस्तानचा मुझफ्फर शेरीफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ११-१२ वर्षांची २२ पोरं कॅम्पला नेली, सगळी साध्या चांगल्या घरची, एकमेकांना न ओळखणारी. दोन बसनं दोन गट वेगळे आणले, दुसरा गट आहे हे सुरुवातीला कळूच दिलं नाही. एका गटानं स्वतःचं नाव ठेवलं रॅटलर्स, दुसऱ्यानं ईगल्स. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या, जिंकेल त्या गटाला पदकं आणि चाकू, हरेल त्याला काहीच नाही. थोड्याच दिवसांत झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या, मोज्यांत दगड भरून ठेवले. मग शेरीफच्या लोकांनी आधी तेच करून पाहिलं जे आपल्या समितीनं केलं, एकत्र जेवण आणि एकत्र सिनेमा. जेवताना पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. म्हणजे आपल्या पोट्ट्यांनी निदान रोडगे तरी फेकले नाहीत.

पण शेरीफनं तिथं थांबून दोन कॅम्प केले नाहीत. त्यानं कामं लावली, अशी कामं जी एका गटाला एकट्यानं होणारच नाहीत. कॅम्पचं पाणी बंद पडलं, म्हणजे त्याच्याच माणसांनी पाडलं, आणि दोन्ही गट पाइपलाइन तपासत टाकीपर्यंत गेले तर नळात गोणपाट कोंबलेलं. सिनेमा आणायला पैसे कमी पडले तर दोघांनी वर्गणी केली. जेवण आणायला जाणारा ट्रक चालू होईना, तर ज्या दोरानं रस्सीखेच खेळले होते तोच दोर बांधून सगळ्यांनी मिळून ओढला. एका कामानं काही झालं नाही, पहिल्या कामानंतर पुन्हा शिव्या चालू झाल्याच होत्या. पण एकामागून एक कामं येत गेली तशी धार गेली. परत जायच्या वेळी पोरं एकाच बसनं जाऊ म्हणाली आणि रॅटलर्सनी एका खेळात जिंकलेले ५ डॉलर वाटेत सगळ्यांच्या दुधाच्या शेकवर खर्च केले.

या प्रयोगावर आक्षेपही आहेत आणि ते खरे आहेत, की कॅम्पवाल्या मोठ्या माणसांनीच काड्या घालून भांडण पेटवलं. मला तर तो आक्षेपच जास्त कामाचा वाटतो. कारण त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ ला, शेरीफनं न्यूयॉर्क राज्यात असाच कॅम्प केला होता आणि तो फसला. तिथं पोरांना आधी एकत्र राहू दिलं होतं, दोस्ती जमली होती, मग गट पाडले. तर पोरं भांडायलाच तयार होईनात, उलट त्यांना संशय आला की हे मोठे लोकच आपल्यात लावून देतायत. तो प्रयोग अर्ध्यात गुंडाळावा लागला.

म्हणून ठरावातली सगळ्यात जास्त खटकलेली ओळ तान्ह्या पोळ्याची आहे. आपली लहान पोरं आज जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत एका बाकावर बसतात. लाकडाचे बैल घेऊन एका रांगेत उभी राहतात, कोणाच्या बैलाला खरी झूल, कोणाच्या बैलाला राखीची फीत, आणि बोजारा मागायला दोन्ही वेटाळांत घरोघर फिरतात. माझ्या पुतणीनं मागच्या वर्षी सगळ्यात जास्त पैसे वरच्या वेटाळातून आणले. या पोरांनी कोणाचं डोकं फोडलं होतं? त्यांना कोणत्या गुन्ह्यासाठी दोन रांगांत उभं करताय?

तिसरा मुद्दा, इतिवृत्तातलं "जमाव बेभान झाला होता" हे वाक्य. गुस्ताव ल बाँ नावाच्या फ्रेंच माणसानं १८९५ ला लिहिलं की गर्दीत माणसाची अक्कल विरघळते आणि तो रानटी होतो, आणि तेव्हापासून जगभरचे ठाणेदार आणि पुढारी तेच म्हणत आलेत. १९८० ला ब्रिस्टॉलमध्येच सेंट पॉल्स भागात दंगल झाली, पोलिसांनी एका कॅफेवर धाड टाकली त्यावरून. स्टीफन रायकर या अभ्यासकानं लोकांशी बोलून, तपासून दाखवलं की जमाव वाटेल त्यावर तुटून पडला नव्हता. राग पोलिसांवर होता, बँकेसारख्या ठिकाणांवर होता, आणि त्याच गर्दीतले लोक रस्त्यावरची वाहतूक मोकळी करून देत होते. म्हणजे गर्दीलाही आपलं कोण, परकं कोण, काय चालतं अन काय नाही याचा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा असू शकतो, पण वेड नसतं ते.

आपल्या राड्यात मी हजर होतो. काठ्या चालू होत्या आणि त्याच वेळी वरच्या वेटाळातल्या एका पोट्ट्यानं आमच्या वेटाळातल्या बैलाचा कासरा धरला, त्याला गर्दीतून मागं काढला, कडुनिंबाला बांधला, पाठीवरची सुटलेली झूल नीट केली आणि मग परत भांडायला गेला. ज्याचा बैल त्याच्याशीच भांडत होता तो! एकाही बैलाला त्या दिवशी खरचटलं नाही. चहाच्या टपरीचा एक कप फुटला नाही. मग जमाव बेभान कसा म्हणता? आणि "कोणीही मध्ये पडले नाही" असंही इतिवृत्तात आहे. दोन्हीकडच्या बायांनी मधे शिरून काठ्या हिसकल्या, एका काकूच्या मनगटाला त्यात लागलं. बघ्यांबद्दल हा समज सगळीकडंच आहे. २०१९ मध्ये इंग्लंड, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्हीत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास आला, त्यात दर दहातल्या नऊ भांडणांत कोणी ना कोणी मधे पडलेलं दिसलं, आणि बघे जास्त तितकी मधे पडण्याची शक्यता जास्त. त्या बायांचं नाव इतिवृत्तात यायला पाहिजे होतं. समितीत बोलवायला पाहिजे होतं त्यांना.

चौथा, शांतता राखण्याची हमी मागणाऱ्या पोलिसी नोटिसा. जुन्या भाषेत १०७, आता नव्या कायद्यात कलम १२६. राड्यानंतर यादी गेली ती भांडणाऱ्यांची गेली नाही, वेटाळाची गेली. आमच्याकडच्या अशा पोट्ट्यांना नोटीस आली जे त्या दिवशी गावातच नव्हते. त्यातले काही पोलीस भरतीची तयारी करतायत, पहाटे डांबरी रस्त्यावर धावताना तुम्ही रोज बघता त्यांना, आणि भरतीत चारित्र्य पडताळणी होते हे मी सांगायला नको. रायकर आणि त्याच्या जोडीच्या लोकांनी फुटबॉलच्या गर्दीत हेच पाहिलं, पोलिसांनी सगळ्यांना एकाच मापानं मोजलं की जे घरी जायच्या विचारात होते तेही मस्तीखोरांच्या बाजूला जाऊन उभे राहतात. आपल्या इथं झालंच ते. ज्या दोघा-तिघांना आधी आमच्या वेटाळातच कोणी विचारत नव्हतं ते आता पुढारी झालेत.

पाचवा मुद्दा छोटा आहे पण मनात आहे. गेल्या पोळ्याआधीचं वर्ष आठवा. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजार समितीत विकताना हातात त्याहून किती कमी आले ते ज्याचं त्याला माहीत. डोकी तापलेली होतीच. १९३९ ला येल विद्यापीठातल्या लोकांनी मांडलं होतं की माणसाची वाट अडली की राग तयार होतो आणि तो अडवणाऱ्यावर निघता आला नाही तर जवळ सापडेल त्याच्यावर निघतो. पुढच्याच वर्षी हॉवलँड आणि सीअर्स या दोघांनी अमेरिकेच्या दक्षिणेतले १८८२ ते १९३० चे आकडे जुळवले, कापसाची किंमत पडली की जमावानं काळ्या लोकांना मारण्याच्या घटना वाढत. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की तो संबंध वाटला तितका पक्का नाही. पण कापूस पिकवणारा माणूस मी, हे वाचून पुस्तक मिटवून बसलो होतो बराच वेळ. कापसाचा भाव पाडणारा आपल्या हाताला लागत नाही, तोरणाखाली पुढं घुसणारा लागतो. दारूबद्दल लिहीत नाही, ते कोणाला सांगायची गरज नाही.

सहावा, हा विषय ग्रामसभेत आलाच नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच अभ्यासासाठी, की रान, कुरण, कालव्याचं पाणी असं सामाईक जे असतं ते लोक मिळून कसं टिकवतात. त्यांनी जगभरची टिकलेली गावं पाहून काही गोष्टी काढल्या, त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. नियम ज्यांना पाळायचाय त्यांचा तो करण्यात हात पाहिजे. आणि शिक्षा पायरीपायरीनं पाहिजे, पहिल्या चुकीला हलकी, पुन्हा केलं तर जड. आपण काय केलं? पहिल्याच चुकीला सगळ्यांना एकदम वरची पायरी. आणि नोबेलवाल्या बाईपर्यंत जायची तरी काय गरज, गडचिरोलीतलं मेंढा लेखा आपल्या विदर्भातलंच आहे. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सगळ्यांची सहमती होईस्तोवर बसतात. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते आहे. टाळ्या वाजवून ठराव मंजूर करायची पद्धत त्यांना परवडली नसती.

आणि दोन पोळे केल्यानं पुढं काय होऊ शकतं हे पाहायचं तर वरूडच्या पलीकडं पांढुर्ण्याला जा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, मधे पात्रात झाड आणि त्यावर झेंडा, आणि दोन्ही काठांवरून दगड. दरवर्षी माणसं जखमी होतात, आजवर जीवही गेलेत, पोलीस असतात, ॲम्ब्युलन्स उभ्या असतात, आणि तरी दरवर्षी होतं. एकदा काठ दोन झाले आणि त्याला परंपरा म्हटलं की मग कलेक्टरच्या हातातही राहत नाही. आपल्याकडं नाला आहेच मधे.

स्पर्धाच नको असं मी म्हणत नाही. शंकरपट मलाही आवडतो. पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा २०१६ ला पहिल्यांदा ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांत वरूड होता, तिथं गावं एकमेकांशी स्पर्धाच करत होती, पण जिंकायचं तर गावाच्या आत सगळ्यांना एका बांधावर टिकास घेऊन यावं लागत होतं. आपणही आज नकळत ते करतोच. रानडुकरं आणि रोही यांना वेटाळ कळत नाही, वावरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जागलीला दोन्हीकडची माणसं एकाच मचाणावर बसतात. राड्याच्या दुसऱ्याच रात्री मी गेलो होतो जागलीला, बाजूला ज्याच्या कपाळाला पट्टी होती तो बसलेला. बोललो नाही आम्ही फारसं, पण बॅटरी त्याची अन फटाके माझे होते.

आता मागण्या. सरळ लिहितो.

१. ठराव थांबवा आणि पोळ्याआधी विशेष ग्रामसभा घ्या, त्याच्या आधी महिलांची सभा. राडा सोडवणाऱ्या बायांना तंटामुक्त समितीत घ्या.

२. पोळा एकच, आखरावरच. तोरणाखाली कोणती जोडी कुठं ते सगळ्या जोड्यांच्या चिठ्ठ्या टाकून, लहान पोरीच्या हातानं काढून ठरवा. निवडणुकीत मतं सारखी पडली तर ईश्वरचिठ्ठी चालते, मग इथं का नाही? मानाच्या घराला तोरण बांधायचा आणि पूजेचा मान राहू द्या, त्याला कोणाची हरकत नाही. मी काकाजींना विचारलंय, तेही वरच्याच वेटाळातले आहेत, ते म्हणाले, "चिठ्ठी काहाडा, मले चालते."

३. तान्हा पोळा एकत्र. यावर चर्चासुद्धा करायची गरज पडू नये.

४. पोळ्याच्या दिवशी बैलाला तुतारी, म्हणजे टोचायची काठी, लावत नाहीत, मारत नाहीत. मग आखरावर काठी आणायचं कारणच काय? काठी आणि डीजे दोन्ही बंद, दोन्ही वेटाळांना.

५. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, जुलैच्या पुरात वाहून गेलाय. शाळेतली पोरं, दवाखाना, आमच्या बंड्या, वरच्या वेटाळाची नाल्यापलीकडची वावरं, सगळ्यांचं अडलंय. "वातावरण निवळल्यावर काम घेऊ" असं ग्रामपंचायत म्हणते. उलट आहे ते, काम घ्या म्हणजे वातावरण निवळेल. दगड आमच्याकडचे, ट्रॅक्टर वरच्या वेटाळात आहेत, मुरुम कुठून आणायचा ते सगळ्यांना माहीत आहे. टोळ्या वेटाळाच्या करू नका, मिसळून करा, आणि पोळ्याच्या आत करा म्हणजे बैल त्यावरून आखरावर येतील. एका कामानं सगळं सुरळीत होईल अशी आशा धरू नका, त्याच्या मागं पांदणीचं काम घ्या, मग शाळेच्या कुंपणाचं.

६. ठाण्यात समितीनं लेखी द्यावं की यादी वेटाळाची नव्हे, प्रत्यक्ष मारहाण करणाऱ्यांची धरा. जे गावात नव्हते त्यांच्या यष्टीच्या तिकिटासकट, कंपनीच्या हजेरीसकट कागद मी आणून देतो, झेरॉक्सचा खर्च माझा.

७. दंडाच्या पायऱ्या ग्रामसभेत ठरवा. पहिल्यांदा समज, मग आखराची साफसफाई, मग एक वर्ष जोडी तोरणाबाहेर, त्यानंतर पोलीस. वरच्या माणसालाही तोच आणि नाल्याकडच्यालाही तोच.

८. कबड्डी चालू करा. संघ वेटाळाचे नकोत, चिठ्ठ्या टाकून मिसळून करा. आपली चांगली चढाई करणारी पोरं एका वेटाळात आणि पकड करणारी दुसऱ्या वेटाळात आहेत, हे तालुक्याला हरल्यावर दरवर्षी आपणच म्हणतो.

खांदमळणीच्या आत लेखी उत्तर द्यावं ही विनंती. उत्तर नाही आलं तर ग्रामसभा बोलवावी म्हणून मतदारांच्या सह्यांचा अर्ज देणार आहे, काकाजींची सही पहिली घेतली आहे. कोणाला वाटत असेल की हा नाल्याकडच्यांच्या बाजूनं लिहितोय तर मुद्दा दोनमधलं आमच्या ग्रुपबद्दलचं पुन्हा वाचा. सह्यांचा कागद शाळेजवळच्या किराणा दुकानात ठेवलाय, पेन सोबत आणा, तिथला पेन कोणीतरी नेला.

आपला,
नाल्याकडच्या वेटाळातला एक कास्तकार